हरिहरेश्वरापासून हरिहरालयापर्यंत: सोलापूरकरांनी अंगकोरचा एक दिवस कसा आखावा

कंबोडियातील अंगकोर या प्राचीन मंदिरनगरीला जायचे ठरले, की निघण्याआधीच्या एखाद्या रविवारी हत्तरसंग कुडलला जाऊन यावे, असा माझा आग्रह आहे. सोलापुरापासून सुमारे चाळीस किलोमीटरवर, भीमा आणि सीना यांच्या संगमावर संगमेश्वर आणि हरिहरेश्वर ही दोन मंदिरे उभी आहेत. शके ९४० चा, म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी शिलालेख येथेच आहे आणि ३५९ मुखे कोरलेले शिवलिंगही येथेच आहे. आपल्यापैकी अनेकांनी ही मंदिरे दर्शनापुरती पाहिलेली असतात. या वेळी मात्र दोन तास काढून ती निरखून पाहावीत: दगडावर दगड कसा बसवला आहे, द्वारशाखेवर काय कोरले आहे, दाराच्या माथ्यावर मध्यभागी कोण बसले आहे, मंडपातून गाभाऱ्याकडे जाताना उजेड कसा कमी होत जातो. कंबोडियात गेल्यावर याच गोष्टी वेगळ्या दगडात आणि वेगळ्या मापात समोर येतात, आणि ज्याची नजर घराजवळ तयार झाली आहे त्याला तेथे एका दिवसात पुष्कळ काही दिसते.

ही तुलना ओढूनताणून आणलेली नाही. अंगकोर उभारणाऱ्या ख्मेर राजांचे शिलालेख संस्कृत आणि जुन्या ख्मेर भाषेत आहेत आणि त्यांत शककालच वापरला आहे. बांते स्रेई या मंदिराची प्रतिष्ठापना शके ८८९ मध्ये, म्हणजे इ.स. ९६७ मध्ये झाली. कुडलचा शिलालेख त्यानंतर एक्कावन्न वर्षांनी कोरला गेला. मंदिराला ख्मेर लोक आजही ‘प्रासात’ म्हणतात, तो आपला प्रासाद. अंगकोर हा शब्द ‘नगर’ या शब्दापासून आला आहे. सिद्धरामेश्वरांनी ज्या बाराव्या शतकात सोलापुरात तळे खोदवले आणि अडुसष्ट लिंगांची स्थापना केली, त्याच शतकात राजा सूर्यवर्मन दुसरा याने अंगकोर वाट हे विष्णुमंदिर बांधायला घेतले.

निघण्यापूर्वीची व्यवस्था

प्रवासाचा भाग थोडक्यात सांगतो. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबई गाठावी आणि तेथून बँकॉक, हो ची मिन्ह सिटी, क्वालालंपूर किंवा सिंगापूर येथे विमान बदलून अंगकोरजवळच्या सिएम रीप या शहरात उतरावे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झालेला तेथील नवा विमानतळ शहरापासून चाळीस किलोमीटरहून अधिक दूर आहे, त्यामुळे उतरल्याच दिवशी मंदिरे पाहण्याचा बेत करू नये. भारतीय पारपत्रधारकांना व्हिसा लागतो. तो कंबोडिया सरकारच्या अधिकृत ई-व्हिसा संकेतस्थळावरूनच काढावा, कारण त्या नावाशी साम्य असणारी आणि जादा पैसे घेणारी इतर संकेतस्थळेही आहेत. अमेरिकी डॉलर तेथे सर्रास चालतात, परंतु फाटलेली, शाई लागलेली किंवा फार चुरगळलेली नोट दुकानदार घेत नाहीत; म्हणून सोलापुरात किंवा मुंबईत चलन बदलून घेतानाच कोऱ्या आणि लहान रकमेच्या नोटा मागून घ्याव्यात.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सुखाचा. एप्रिलमध्ये जाऊ नये. सोलापूरच्या माणसाला ऊन नवे नसते आणि त्यामुळेच तो तेथे फसतो: आपला उन्हाळा कोरडा असतो, घाम सुकतो आणि सावलीत गेले की बरे वाटते, तर तेथील हवा इतकी दमट असते की घाम अंगावरच राहतो आणि सावलीतही थकवा उतरत नाही. पाण्याबरोबर मीठ-साखरेची पुडी जवळ ठेवावी आणि पातळ सुती कपडे घालावेत. खांदे आणि गुडघे झाकणारा पोशाख असेल तरच अंगकोर वाटच्या सर्वांत वरच्या मजल्यावर सोडतात, आणि वरून उपरणे किंवा ओढणी घेण्यावर विसंबून न राहता मुळातच तसे कपडे घातलेले बरे.

जेवणाबाबत शाकाहारी मंडळींनी अधिक सावध राहावे. ख्मेर स्वयंपाकात माशाचा रस आणि ‘प्रहोक’ नावाची आंबवलेल्या माशांची चटणीसारखी लगदी सढळपणे वापरतात, आणि केवळ भाज्या घातलेल्या पदार्थातही ती असू शकते. ‘मांस, मासा, माशाचा रस, झिंगे यांतले काहीही नको’ एवढा मजकूर गाईडकडून ख्मेर लिपीत एका कागदावर लिहून घ्यावा आणि प्रत्येक ठिकाणी तो कागदच पुढे करावा. त्याखेरीज कडक भाकरी आणि शेंगाची चटणी सामानात असावीच. पहाटे साडेचारला निघालेल्या गटाला नऊ वाजता पोटभर आणि खात्रीचा नाश्ता मिळणे ही साधी गोष्ट नाही, आणि आपली कडक भाकरी तर टिकण्यासाठीच केलेली असते.

तिकीट सिएम रीपमधील अधिकृत तिकीटघरात किंवा अंगकोर एंटरप्राइज या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर मिळते. २०१७ साली ठरलेल्या दरांनुसार एका दिवसाचे तिकीट ३७ डॉलर, तीन दिवसांचे ६२ आणि सात दिवसांचे ७२ डॉलर आहे, आणि प्रत्येक तिकिटातील २ डॉलर कांथा बोफा या मुलांच्या मोफत रुग्णालयांना जातात. बारा वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही. मात्र वयाच्या पुराव्यासाठी पारपत्र दाखवावे लागते. तिकिटावर आपले छायाचित्र असते आणि ते जवळपास प्रत्येक मंदिराच्या दारात तपासतात, म्हणून ते गटप्रमुखाकडे एकत्र न ठेवता ज्याचे त्याने गळ्यात अडकवावे. दुसऱ्या दिवसाचे तिकीट आदल्या दिवशी सायंकाळी पाचनंतर घेतले, तर त्याच तिकिटावर त्या संध्याकाळचा सूर्यास्तही पाहता येतो. त्यामुळे पहाटेची रांगही टळते.

गाईडशी आधी काय बोलावे

दिवसाचे यश मुख्यतः गाईडवर अवलंबून असते, आणि गाईडचे यश आपण त्याला काय सांगतो यावर. तेथील गाईडला सरकारी परवाना लागतो आणि त्याचे ओळखपत्र त्याच्याजवळ असते. ते पाहूनच ठरवावे. त्याच्यापुढे रोज जगभरातून आलेले असे प्रवासी असतात, ज्यांना राम कोण आणि अर्जुन कोण हे पहिल्यापासून सांगावे लागते, आणि त्याची सगळी मांडणी त्या गरजेतून तयार झालेली असते. आपण काही बोललो नाही, तर तो आपल्यालाही सीताहरणापासून सुरुवात करून सांगेल आणि अर्धी सकाळ त्यात जाईल. म्हणून आदल्या संध्याकाळीच त्याला स्पष्ट सांगावे की आम्हाला कथा ठाऊक आहेत. त्या येथे कोठे वेगळ्या होतात, कोणी आणि का कोरवल्या, दगड कोठून आला आणि इमारत कशी उभी राहिली, एवढेच सांगा. ख्मेर रामकथेला ‘रीमकेर’ म्हणतात आणि तिच्यातील काही प्रसंग आपल्या रामायणात नाहीत. ते ऐकताना ‘आमच्याकडे असे नाही’ म्हणून त्याला मध्येच तोडू नये. ती त्यांची स्वतःची परंपरा आहे आणि तो ती अभिमानाने सांगत असतो.

गटात वडीलधारी मंडळी असतील आणि त्यांना इंग्रजी किंवा हिंदीतून ऐकणे अवघड जात असेल, तर मराठीत सांगण्याची जबाबदारी आधीच एकावर सोपवावी. गाईडने दोन-तीन मिनिटे बोलावे, मग त्या व्यक्तीने मराठीत सांगावे, आणि हे अरुंद दालनाच्या मध्यभागी नव्हे तर शिल्पपट्टाच्या कडेला उभे राहून करावे, म्हणजे मागून येणाऱ्यांची वाट अडत नाही. दोघे एकाच वेळी बोलू लागले की कोणालाच काही ऐकू येत नाही.

मंदिरांची निवडही आदल्या दिवशीच ठरवावी. ठरलेली ‘लहान फेरी’ सुमारे सतरा किलोमीटरची असते आणि तिच्यात अंगकोर वाट, बायोन आणि ता प्रोम येतात. ‘मोठी फेरी’ त्याहून लांब असते. एका दिवसात सहा-सात मंदिरे दाखवतो असे कोणी म्हणाले तर नम्रपणे नकार द्यावा. माझ्या मते चार पुरेशी आहेत: अंगकोर वाट, बांते स्रेई, ता प्रोम आणि बायोन. बांते स्रेई मुख्य समूहापासून सुमारे पंचवीस किलोमीटर दूर असल्याने त्यासाठी टुकटुकऐवजी मोटार किंवा व्हॅन ठरवावी लागते, आणि म्हणूनच अनेक गट ते वगळतात. पुराणकथा जाणणाऱ्या मराठी माणसाने ते वगळणे मला पटत नाही.

अंगकोर वाट: पहाटे पाच ते साडेआठ

अंगकोर वाट पहाटे पाचला उघडते, इतर बहुतेक मंदिरे साडेसातला. हे मंदिर पश्चिमाभिमुख असल्याने सूर्य त्याच्या मागून उगवतो आणि पाच शिखरे, म्हणजे मेरू पर्वताची शिखरे, काळ्या आकृतीसारखी दिसतात. भोवतालचा खंदक सुमारे १९० मीटर रुंद आहे. तो ओलांडायलाच काही मिनिटे लागतात, आणि त्या वेळी अंधार असल्याने हातात लहान विजेरी ठेवावी. बहुतेक लोक डावीकडच्या तळ्याकाठी छायाचित्रासाठी दाटी करतात. सूर्य वर आला, की तीच गर्दी नाश्त्यासाठी बाहेर पडते, आणि आपण मात्र त्याच वेळी आत जावे. पुढचा दीड तास हा दिवसभरातील सर्वांत मोलाचा काळ आहे.

पश्चिमेच्या दारातून शिरल्यावर उजवीकडे वळावे. पहिलाच पट्ट कुरुक्षेत्राचा आहे: डावीकडून कौरव, उजवीकडून पांडव आणि मध्ये दोन्ही सैन्यांची मिसळण, शरपंजरी पडलेले भीष्म ओळखता येतात आणि अर्जुनाचा सारथी चतुर्भुज दाखवला आहे. गाईडने काही सांगण्याआधी गटातील मुलांना पात्रे शोधू द्यावीत. मुले ती फार चटकन शोधतात. पुढे दक्षिणेच्या दालनात प्रथम स्वतः सूर्यवर्मनाची मिरवणूक येते आणि नंतर यमधर्माचा दरबार, त्यात चित्रगुप्त, वर स्वर्गाची वाट आणि खाली एकूण ३२ नरक. यातील शिक्षा इतक्या बारकाईने कोरल्या आहेत की लहान मुले बरोबर असल्यास येथे फार रेंगाळू नये.

आपल्या लक्षात एव्हाना आले असेल की आपण भिंत डाव्या हाताला ठेवून चाललो आहोत, म्हणजे प्रदक्षिणेच्या उलट. हा गाईडचा किंवा आपला प्रमाद नव्हे; शिल्पपट्टांचा क्रमच अपसव्य आहे. मंदिराचे पश्चिमेकडे असलेले तोंड आणि हा अपसव्य क्रम यांवरून हे मंदिर राजाच्या मृत्यूनंतरच्या विधीशी संबंधित असावे असे अनेक अभ्यासक मानतात, तर पश्चिम ही विष्णूची दिशा असल्याचाही दाखला दिला जातो. ज्यांना देवाला डावी घालणे मनाला लागते त्यांनी शिल्पांची फेरी क्रमाने पूर्ण करावी आणि वरच्या मजल्यावर गाभाऱ्याभोवती रीतसर प्रदक्षिणा घालावी. तेथे आता बुद्धमूर्ती आहेत आणि स्थानिक भाविक मनोभावे पूजा करतात.

याच क्रमाने चालत आपण साधारण साडेसातच्या सुमारास पूर्वेच्या दालनात पोहोचतो, आणि उगवतीचे तिरपे ऊन खांबांमधून नेमके समुद्रमंथनावर पडलेले असते. हा पट्ट ४९ मीटर लांब आहे. एका बाजूला ९२ असुर, दुसऱ्या बाजूला ८८ देव, मध्ये विष्णू, त्याच्या खाली कूर्म, पाण्यात उलथेपालथे होणारे मासे आणि मगरी, आणि वर फेसातून निघालेल्या अप्सरांची रांग. एका टोकाला उभे राहून ओणवे होऊन पाहिल्यास ओढणाऱ्या हातांची ओळ एकाच दोरीसारखी ताणलेली दिसते. देवांच्या टोकाला शेपूट धरून उभा असलेला वानर दिसेल; गाईड त्याला हनुमान म्हणतात. आपल्या समुद्रमंथनात हनुमान नाही, म्हणून येथे गाईडला अवश्य बोलते करावे.

उत्तरेकडचे पट्ट झरझर पाहिले तरी चालतील. त्यातील काही भाग सोळाव्या शतकात कोरला गेला आणि त्याचा हात मूळ कारागिरांच्या तोडीचा नाही. फेरीच्या शेवटी पश्चिमेला लंकेचे युद्ध येते. त्यासाठी मात्र पुन्हा वेळ काढावा, कारण एकमेकांना चावणारे, ओरबाडणारे, रथांवर उड्या घेणारे वानर इतके जिवंत आहेत की गर्दीचा आवाज ऐकू आल्यासारखे वाटते.

शिखरांच्या पायथ्याचा सर्वांत वरचा मजला, ज्याला ‘बाकान’ म्हणतात, तेथे एका वेळी मर्यादित लोकांनाच सोडतात; बारा वर्षांखालील मुले आणि गर्भवती स्त्रियांना प्रवेश नाही, आणि महिन्यातील बौद्ध उपोसथाच्या, म्हणजे व्रताच्या, दिवशी तो बंद असतो. जिना अतिशय उभा आहे. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी मोह आवरून खालच्या प्राकारात बसून भिंतीवरील देवतांच्या केशरचना पाहाव्यात. अशा १७०० हून अधिक देवता या मंदिरात आहेत.

आत फिरताना दालने एवढ्या प्रचंड मंदिराच्या मानाने अरुंद का, असा प्रश्न पडतो. ख्मेर स्थपतींनी खरी कमान वापरली नाही. दोन्ही बाजूंचे दगडी थर एकेक करून पुढे काढत माथ्यावर मिळवले, आणि अशा रचनेत रुंदी वाढवता येत नाही. दरजांत चुना नाही. पायात आणि तटात जांभा, दर्शनी भागात वालुकाश्म, आणि तो वालुकाश्म सुमारे चाळीस किलोमीटरवरील कुलेन डोंगरातून आणला. कोकणात जांभ्याची घरे पाहिलेल्यांना तो दगड लगेच ओळखू येईल. आपल्या काळ्या दगडाच्या, चुन्याशिवाय रचलेल्या मंदिरांची आठवण येथे हटकून होते.

उरलेला दिवस

नाश्ता मंदिराच्या आवाराबाहेर करावा आणि तेथून थेट बांते स्रेईला निघावे. मोटारीने पाऊण ते एक तास लागतो. हे मंदिर राजाने बांधलेले नाही. यज्ञवराह नावाच्या विद्वान राजगुरूने ते शिवासाठी, त्रिभुवनमहेश्वर या नावाने बांधले. दगड गुलाबी, शिखरे बुटकी आणि कोरीवकाम लाकडावर केल्यासारखे खोल. आवार लहान असल्याने माणसे एकमेकांना अडतात, तरी दोन्ही ‘ग्रंथालये’ म्हटल्या जाणाऱ्या इमारतींचे त्रिकोणी दर्शनी माथे पाहिल्याशिवाय निघू नये. दक्षिणेकडच्या इमारतीवर पूर्वेला रावण कैलास हलवतो आहे आणि पार्वती शिवाला बिलगली आहे. वेरूळच्या कैलास लेण्यातील हाच प्रसंग ज्यांनी पाहिला आहे त्यांनी तो मनात आणून दोन्ही ताडून पाहावेत. पश्चिमेला मदनदहन आहे. उत्तरेकडच्या इमारतीवर पूर्वेला खांडववनावर पाऊस पाडणारा इंद्र आणि पश्चिमेला कृष्णाने केलेला कंसवध. मला विचारले तर समग्र अंगकोरमध्ये खांडववनाच्या या तुकड्याहून सुंदर कोरीवकाम नाही. पावसाच्या तिरप्या रेषा दगडात आणि त्या रेषांखाली भांबावलेले प्राणी. या भागात पूर्वी युद्धकाळात सुरुंग पेरले गेले होते. मंदिरांचे आवार आणि वाटा साफ केलेल्या आहेत, पण ठळक पायवाट सोडून झाडीत शिरू नये.

दुपारचे जेवण आणि तासभर विश्रांती टाळू नये. त्यानंतर ता प्रोम सोयीचे पडते, कारण तेथे झाडांची सावली आहे. राजा जयवर्मन सातवा याने ११८६ मध्ये आपल्या आईच्या स्मरणार्थ हा राजविहार उभारला. त्याच्या शिलालेखात येथे १२,६४० माणसे राहत असल्याची नोंद आहे, ६१५ नर्तकींचाही उल्लेख आहे आणि राज्यात १०२ रुग्णालये असल्याचेही त्यातून कळते. भिंतींवर उतरलेल्या प्रचंड मुळांसमोर छायाचित्रासाठी रांग लागते, तेथे फार वेळ घालवू नये. त्याऐवजी गाईडला नृत्यमंडपाकडे नेण्यास सांगावे. ता प्रोमच्या जतनाचे काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण अनेक वर्षे करीत आहे आणि त्याच संस्थेने १९८६ ते १९९३ या कठीण काळात अंगकोर वाटवरही काम केले. झाड काढले तर भिंत कोसळते आणि ठेवले तर मुळे ती फोडतात, हा पेच तेथील अभियंत्यांना रोज सोडवावा लागतो. कोणता खांब नवा, कोणता जुना आणि टेकू कोठे दिले आहेत हे गाईड दाखवू शकतो.

अंगकोर थोम या तटबंद नगरात शिरताना दक्षिण दरवाजापाशी वाहनातून उतरावे आणि पूल पायी ओलांडावा. डावीकडे ५४ देव, उजवीकडे ५४ असुर नाग धरून बसले आहेत. सकाळी भिंतीवर पाहिलेले मंथन येथे आपल्या दोन्ही बाजूंना उभे असते. नगराच्या मध्यभागी बायोन हे जयवर्मनाचेच बौद्ध मंदिर आहे. वरच्या भागात दोनशेहून अधिक मंद स्मित करणारी मुखे चारी दिशांना पाहतात. ती लोकेश्वर बोधिसत्त्वाची की स्वतः राजाची, यावर एकमत नाही. कुडलच्या बहुमुखी लिंगाची आठवण येणे स्वाभाविक आहे, परंतु तेवढ्यावरून दोहोंचा संबंध जोडू नये. वर जाण्याच्या घाईत खालच्या बाहेरील भिंती राहून जातात, आणि माझ्या मते तीच चूक सर्वांत मोठी: तेथे बाजार भरला आहे, कोंबड्यांची झुंज चालली आहे, स्वयंपाक शिजतो आहे, बाळंतपण होते आहे, आणि शेजारच्या चंपा राज्यातील चाम लोकांशी नौकायुद्ध पेटले आहे. देवांच्या कथा सकाळी पाहिल्या, सामान्य माणसे येथे पाहावीत.

सूर्यास्तासाठी बाखेंग टेकडीवर चढण्याचा आग्रह होईल. वर एका वेळी तीनशेच माणसांना सोडतात आणि रांगेत उभे राहून दिवसाचा शेवट करण्यात अर्थ नाही. त्याऐवजी साडेचारच्या सुमारास पुन्हा अंगकोर वाटच्या खंदकाच्या पश्चिम काठावर यावे. सकाळी काळे दिसलेले मंदिर आता समोरून उजळलेले असते.

तीन दिवसांचे तिकीट घेणे शक्य असेल, तर दुसरी सकाळ रोलुओससाठी राखावी. सिएम रीपपासून ते सुमारे तेरा किलोमीटर आहे. नवव्या शतकात येथे ख्मेर राजधानी होती आणि तिचे नाव हरिहरालय. इ.स. ८७९ चे प्रेआ को येथे आहे, ज्याच्यासमोर बसलेल्या तीन नंदींवरून त्याला हे नाव पडले, इ.स. ८८१ चे बाकोंग हे पायऱ्यापायऱ्यांचे भव्य शिवमंदिरही येथेच आहे. शेवटी लोलेईला जावे. इंद्रतटाक नावाच्या जवळजवळ चार किलोमीटर लांब तलावाच्या मध्यभागी, बेटावर, इ.स. ८९३ मध्ये विटांची ही चार देवळे उभी राहिली. सिद्धेश्वराचे तळे ज्यांच्या डोळ्यांसमोर आहे त्यांना ती मांडणी समजावून सांगावी लागणार नाही. तलाव आता आटला असून तेथे भातशेती होते, परंतु देवळांच्या दारचौकटींवरील शिलालेखांची अक्षरे अजून स्पष्ट आहेत. सकाळच्या तिरप्या उन्हात ती चांगली दिसतात, म्हणून तेथे नऊच्या आत पोहोचावे.